शाळेतल्या मावशींनाही शिकवा

लेकीचा डबा आठवडाभर भरलेलाच परत येत होता. चातुर्मासात बटाटा नाही म्हणून रुसली असेल, असं मला वाटलं. मधल्या सुट्टीत ती एकटीच जिन्याखाली बसून असते, हे मला सांगितलं शाळेतल्या मावशींनी. समुपदेशक बाईंच्या खोलीत ती कधी गेलीच नव्हती.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय : १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, शिवाय शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण हवं. समुपदेशक आहेत, हे आमच्या शाळेने माहितीपत्रकात छापलंय. मावशींच्या, बसवाल्या काकांच्या प्रशिक्षणाचं काय? पुढच्या पालकसभेत मी विचारणार आहे. सख्यांनो, तुम्हीही विचारा. गुणांचं नंतर बोलू.