पोहता येतं हो, पण बाहेर कसं यायचं?

"अहो, कुत्र्याला कसली भीती? त्याला जन्मतःच पोहता येतं!" हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हटलं तर त्याला मी पायऱ्या नसलेल्या विहिरीत सोडणार आहे. बस म्हणावं पोहत!

झालं असं, की गेल्या महिन्यात आम्ही ऑफिसातली पाच-सहा टाळकी लोणावळ्याला भाड्याच्या बंगल्यावर गेलो होतो. जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' असं ठळक लिहिलेलं, म्हणून मित्राचा पग, लाडू, तोही सोबत. पहाटे चहा टाकायला उठलो तर बाहेरून खर्र खर्र आवाज. लाडू पूलमध्ये! काठाच्या टाइल्सवर पंजे मारतोय, घसरतोय, परत मारतोय. भुंकायचंही त्राण नव्हतं. मानेची कातडी धरून ओढला बाहेर. उथळ बाजूला चांगल्या रुंद पायऱ्या होत्या, पण त्या त्याला दाखवल्या होत्या कुणी?

कुत्रा पडला की बहुतेक वेळा जवळच्याच काठाला भिडतो आणि दमेपर्यंत तिथेच धडपडतो. स्टीलची उभी शिडी त्याच्या काय कामाची? त्यात पग आणि बुलडॉग म्हणजे आनंदच. चपटं नाक पाण्यावर ठेवायला डोकं वर करावं लागतं, की मागचं धूड खाली. (2003 सालच्या हचच्या जाहिरातीतला पग पाहून आपण भाळलो, त्याच्या नाकाचा विचार कुणी केला?)

"आम्ही लक्ष ठेवतो ना!" असं म्हणणारे तर माझ्या डोक्यातच जातात. 'कुणीतरी बघत बसेल' म्हणून बॅकअप न घेणाऱ्याला आपण सर्व्हरला हात तरी लावू देऊ का? चार फुटी कुंपण हवं, आपोआप मिटणाऱ्या फाटकासकट. वरून सैल ताडपत्री टाकणं तर सगळ्यात वाईट. कुत्र्याला ती जमीन वाटते, आणि एकदा खाली गेला की वर यायला वाट नाही.

आणि पायऱ्या शिकवा हो! पोटाखाली हात धरून, प्रत्येक काठाकडून पायऱ्यांपर्यंत न्या, पुन्हा पुन्हा, बरेच दिवस. पायऱ्यांपाशी एखादी मोठी कुंडी ठेवा, म्हणजे पाण्यातून खूण दिसते. पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेटही मिळतं.

बंगल्याच्या मालकांना फोन केला. म्हणाले, "कुत्रं तुमचं, तुम्ही बघायचं." बिलात कुत्र्याचे पाचशे रुपये वेगळे लावले होते.

लाडू आता बादली दिसली तरी पलंगाखाली जातो.