विज्ञान मोफत झाले. मराठीत कधी होणार?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य आंतरजालावर विनामूल्य देण्याचे जाहीर केले आणि २००७पर्यंत सुमारे १,८०० अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले केले. २००३ साली आपल्याकडील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. गणित असो, पदार्थविज्ञान असो वा संगणकशास्त्र, नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडते.

आम्ही मराठीचे अध्यापक. या प्रकरणाशी तुमचा काय संबंध, असे आम्हांला कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न आता विज्ञानाच्या अध्यापकांपेक्षा आपलाच अधिक झाला आहे.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. मोफत म्हणजे किंमत नाही. मुक्त म्हणजे आडकाठी नाही. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी संस्थेचे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. मूळ कर्त्याचा उल्लेख करा, व्यापार करू नका आणि तुमचे रूपांतरही याच अटींवर इतरांना द्या. एवढे पाळले की भाषांतराला आडकाठी नाही. म्हणजे किंमत आड येत नाही आणि कायदाही आड येत नाही. तरीही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल ठेवताच अडखळते. तिला संकल्पना आणि इंग्रजी या दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढावे लागते. चित्रफीत दहादा मागे नेऊन ऐकली तरी जे वाक्य पहिल्यांदा कळले नाही ते अकराव्यांदाही कळत नाही. मग ती सूत्र पाठ करते. मोफत मिळालेले ज्ञान असे घोकंपट्टीत संपते.

परिभाषा कोश आहेत, मग अडचण कसली, असे म्हटले जाते. पण परिभाषा म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. ‘अवकलन’ हा शब्द वाचून विद्यार्थ्याच्या मनात काहीही उमटत नाही. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी याच विषयावरच्या आपल्या मराठी पुस्तकासाठी ‘शून्यलब्धि’ हा शब्द योजला होता. तो टिकला नाही. पण कोणती तरी राशी शून्याकडे नेत नेत काही हाती लागते, एवढे तरी तो सुचवतो. मराठीतील आद्य वृत्तपत्रकार गणितही मराठीत लिहीत होता, हे आपण वाङ्मयेतिहास शिकवताना एका ओळीत उरकतो.

स्पष्टीकरण कसे असावे, याचे एक साधे उदाहरण घेऊ. पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या एसटीने ११० किलोमीटर अंतर अडीच तासांत कापले. सरासरी वेग ताशी ४४ किलोमीटर. पण खंबाटकीच्या घाटात एका विशिष्ट क्षणी चालकासमोरचा काटा कोठे होता? त्या क्षणाभोवतीच्या दहा मिनिटांतले अंतर मोजा, मग एका मिनिटातले, मग एका सेकंदातले. कालावधी शून्याच्या जवळ जातो, पण शून्य होत नाही. आणि अंतर भागिले काळ हे उत्तर मात्र एका ठरावीक संख्येकडे सरकत राहते. ती संख्या म्हणजे त्या क्षणाचा वेग. एवढे कळल्यावर मुलीला ‘अवकलन’ म्हणा किंवा ‘डिफरन्शिएशन’ म्हणा, ती गोंधळत नाही. हा परिच्छेद लिहायला लागते ते गद्याचे भान: काय आधी सांगावे, कोठे थांबावे, कोणता शब्द अनोळखी वाटेल. हे भान शिकवणे हे आपले काम आहे.

सलमान खान यांच्या ‘खान अकॅडमी’चे मूळही येथेच सापडते. २००४ साली ते आपल्या मामे-चुलत नात्यातल्या एका मुलीला दुरून गणित शिकवू लागले. पुढे झालेल्या चित्रफितींत व्यासपीठावरचे व्याख्यान नाही. समोर बसलेल्या एकाच मुलाशी बोलावे तसा सूर आहे. यश तंत्राचे खरेच, पण निम्मे तरी त्या भाषेचे.

इंग्रजी हीच विज्ञानाची भाषा, तेव्हा मुलांनी ती शिकावी, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. शिकावीच. पण कल्पना एकदा मनात रुजली की इंग्रजी सोपे होते. उलटा क्रम फार थोड्यांना झेपतो. दुसरा आक्षेप यंत्रानुवादाचा. यंत्रे आता झटपट मराठी करतात आणि ती उपयोगी आहेत. मात्र वाक्य व्याकरणशुद्ध असूनही वाचणाऱ्याला उमगत नाही, हे ओळखायला जाणता वाचक लागतो. तो मराठी विभागात नसेल तर कोठे असेल?

आमची सूचना लहान आहे. एम.ए.च्या प्रकल्पांत कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण आणि ग्रामीण कथेतील निसर्ग यांच्या जोडीला आणखी एक पर्याय ठेवावा. मराठीचा एक विद्यार्थी आणि विज्ञानाचा एक, अशा जोडीने परवाना अनुमती देत असेल असे एक व्याख्यान निवडावे आणि ते मराठीत आणावे. शास्त्रीय अचूकता विज्ञानाच्या अध्यापकाने तपासावी, गद्य आपण तपासावे. आणि अंतिम परीक्षक अकरावीतला विद्यार्थी असावा. त्याला कळले तर गुण, नाही तर पुनर्लेखन.

अभिजात भाषेचा दर्जा २०२४ साली मराठीला मिळाला, त्याचे सोहळे आपण केले. तो दर्जा भाषेच्या भूतकाळाबद्दल आहे. ती उद्या गणित समजावून सांगू शकेल की नाही, हे मात्र आपल्या विभागांत ठरायचे आहे.