विश्लेषण : दिव्यांगांच्या अर्थसाहाय्याचा अर्ज नवी मुंबईकरांनी नेमका कुठे करायचा?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले. आकडा सगळ्यांपर्यंत पोहोचला. तो मिळवण्यासाठी कोणत्या कार्यालयात जायचे, हा प्रश्न मात्र नवी मुंबईत वाटतो तितका सरळ नाही. येथे मदत देणारी कार्यालये एकाच शहरात नाहीत, एकाच जिल्ह्यातही नाहीत.

पत्ता 'नवी मुंबई', पण जिल्हा कोणता?

दिघा ते बेलापूर हा पट्टा नवी मुंबई महापालिकेचा आणि महसुली दृष्ट्या ठाणे तालुक्याचा. खारघर, कामोठे, कळंबोली येथील रहिवासीही पत्त्यात 'नवी मुंबई'च लिहितात. पण त्यांची महापालिका पनवेलची (स्थापना ऑक्टोबर २०१६) आणि जिल्हा रायगड. निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो, महापालिकेकडे नाही. त्यामुळे नेरूळच्या अर्जदाराची फाइल ठाण्याला आणि खाडीपलीकडच्या खारघरच्या अर्जदाराची पनवेलला. गंमत अशी, की कोकण विभागाचे विभागीय आयुक्त बेलापूरच्या कोकण भवनात बसतात, पण बेलापूरच्या रहिवाशाला तहसीलदार गाठायला ठाण्याची लोकल पकडावी लागते. व्हीलचेअरवरील माणसासाठी ही ट्रान्स-हार्बरची फेरी म्हणजे एक पूर्ण दिवस आणि सोबतच्याची बुडालेली मजुरी. 'आपले सरकार' संकेतस्थळ आणि सेतू केंद्रांमुळे उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तरी जवळपास काढता येतो. या दाखल्यांची जुळवाजुळव आधी करून मगच तहसील गाठावे, म्हणजे दुसरी फेरी टळते.

सुरुवात कुठून?

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून. केंद्राच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज केला की वैद्यकीय तपासणीसाठी रुग्णालय निवडता येते आणि मंजुरीनंतर वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. अर्ज राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय यंत्रणेकडेच करावा लागतो, असा समज आहे. नियमांनुसार उपचार ज्या सरकारी रुग्णालयात सुरू आहेत किंवा झाले आहेत, तेथेही अर्ज करता येतो. मुंबईत उपचार घेणाऱ्या नवी मुंबईकरांसाठी हे महत्त्वाचे आहे. प्रमाणपत्र देशभर चालते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, अध्ययन अक्षमता हे प्रकार त्यामुळे यादीत आले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली होती, पण ती मोजणी जुन्या, छोट्या यादीची. आजचा खरा आकडा त्याहून मोठाच असणार.

४० आणि ८० या आकड्यांना इतके महत्त्व का?

बहुतेक लाभांचा उंबरठा ४० टक्के आहे. काही लाभ ८० टक्क्यांनंतरच सुरू होतात. यूडीआयडी कार्डाचे रंगही तसेच : ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळे, ८० आणि त्यावर निळे. ३८ टक्के लिहिलेले प्रमाणपत्र हातात पडले, तर दोन टक्क्यांनी जवळजवळ सगळी दारे बंद होतात. मूल्यांकन मान्य नसेल, तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. हा मार्ग फारसा कोणी सांगत नाही. प्रमाणपत्र देतानाच तो छापील स्वरूपात हाती दिला, तर कितीतरी कुटुंबांचा उपयोग होईल. दुसरी गोष्ट मुदतीची. काहींना, विशेषतः लहान मुलांना, ठरावीक काळापुरते प्रमाणपत्र मिळते. ती तारीख उलटली की त्यावर आधारलेले लाभही अडकतात.

२,५०० रुपये कोणाला मिळतात?

वय ६५ पेक्षा कमी, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत, हे योजनेचे ठळक निकष. रक्कम आता थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. दारिद्र्यरेषेखालील, १८ ते ७९ वयोगटातील आणि ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिचा केंद्रीय वाटा महिन्याला अवघा ३०० रुपये. उरलेली भर राज्य घालते.

खरी अडचण रकमेत नाही, उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. एवढ्यात तुर्भ्यातील एका खोलीचे भाडे भागले तरी पुष्कळ. सोसायटीत पहारेकऱ्याचे काम करणारा बाप किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई या मर्यादेबाहेर सहज जाते आणि घरातील दिव्यांग मूल योजनेबाहेर पडते. रक्कम वाढवताना ही मर्यादा जागच्या जागी ठेवणे म्हणजे पंगतीत वाढप वाढवून पाने कमी मांडण्यासारखे आहे. पंधरा वर्षांच्या अटीचेही तसेच. नवी मुंबई वसलीच बाहेरून आलेल्यांनी.

वाढ मात्र योग्यच होती, किंबहुना उशिरा झाली. कायद्याचे कलम २४ सांगते, की इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त साहाय्य मिळावे. 'लाडकी बहीण' योजनेत १,५०० रुपये सुरू झाले, तेव्हा दिव्यांगांनाही १,५०० रुपयेच मिळत होते. दुसऱ्या योजनेतून तेवढी रक्कम घेणाऱ्या महिलेला 'लाडकी बहीण'चा लाभ घेता येत नसल्याने दिव्यांग महिलेच्या हाती जास्तीचे काहीच पडत नव्हते.

महापालिकेकडून काय मिळते?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. नवी मुंबई महापालिकेचा समाज विकास विभाग शिष्यवृत्तीसह काही योजना राबवतो आणि त्यासाठी ठरावीक काळात अर्ज मागवतो. मुदत चुकली की गाडी चुकली, म्हणून आठपैकी आपल्या विभाग कार्यालयात अधूनमधून चौकशी केलेली बरी. वाशीतील महापालिकेचे ईटीसी केंद्र हे दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे शहरातील जुने ठिकाण आहे. खारघरमध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तेथे तपासणी आणि मार्गदर्शन मिळते.

नोकरदार पालकांना काही मिळते का?

मिळते, आणि इथेच सर्वाधिक पैसे न मागितल्यामुळे हातून जातात. आयकर कायद्यात दिव्यांग अवलंबितासाठी आणि स्वतः दिव्यांग असल्यासही ७५ हजार रुपयांची वजावट आहे. ८० टक्क्यांवर ती सव्वा लाख होते. खर्च किती झाला, याच्याशी तिचा संबंध नाही. मात्र ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. दोन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय मनुष्यबळ विभागाचा अर्ज भरून देऊ नये. राज्याच्या व्यवसाय करातूनही सूट आहे आणि ती ठरावीक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनाही मिळते. वर्षाला २,५०० रुपये लहान वाटतील, पण ते दरवर्षी कापले जातात.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर कायमच्या व पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन मिळते. पण अपत्याची नोंद आणि कागद आधीच पूर्ण असतील, तर पुढची धावपळ वाचते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची गरज नाही. थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. साधारण विमा कंपन्या थेरपीकडे पाहतही नाहीत, हे लक्षात घेता ही योजना मोलाची आहे.

ऑनलाइन अर्जाने प्रश्न सुटला का?

अर्धाच. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखा, अंगठा लावा, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, अशा पायऱ्या बनवताना ज्याला दिसत नाही किंवा ज्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तो समोर नसतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि केवायसी प्रक्रिया दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे आदेश दिले. बँकेने किंवा केंद्राने केवळ डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून परत पाठवले, तर या निकालाचा हवाला देऊन लेखी तक्रार करता येते.

मूल १८ वर्षांचे झाले की काय बदलते?

कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते. बौद्धिक दिव्यांग मुलाचे आईवडील यानंतर आपोआप त्याचे पालक ठरत नाहीत, आणि त्याच्या नावावरचे खाते किंवा निवृत्तिवेतन हाताळताना हा प्रश्न अचानक उभा राहतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार वरील चार गटांतील व्यक्तींसाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो. महापालिका हद्दीतील कुटुंबासाठी ही समिती ठाणे जिल्ह्याची, तर खारघर-कामोठ्याच्या कुटुंबासाठी रायगडची, म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय थेट अलिबागला.