पडद्यावरच्या साहेबाला घाबरू नका

मैत्रिणींनो, घराचं दार आपण किती निगुतीनं जपतो, नाही का? बेल वाजली की आधी साखळी लावायची, मग फटीतून कोण आहे ते बघायचं. मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागायचं. दुपारी घरात एकटी असताना अनोळखी माणसाला पाणी द्यायचं तेही दाराबाहेरच. हे शहाणपण आपल्याला आई-सासूबाईंकडून आपसूक आलं. पण आता घराला आणखी एक दार झालंय, ते म्हणजे हातातल्या फोनचा पडदा. या दाराला साखळी लावायची सवय मात्र आपल्यातल्या पुष्कळजणींना अजून लागलेली नाही.

का बरं लागली नसेल? मला वाटतं, याचं मूळ आपल्या जुन्या टीव्हीत आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चाळीत एखाद्याच घरी लाकडी कपाटातला संच असायचा आणि त्याच्यासमोर सगळी चाळ सतरंजीवर बसायची. स्मिता पाटील, प्रदीप भिडे बातम्या वाचायचे. त्यांनी सांगितलं म्हणजे ते खरंच, त्यावर वाद नाही! १९८७ मध्ये 'रामायण' लागायचं तेव्हा तर कितीतरी घरांतून टीव्हीला हार घातला जायचा, उदबत्ती लावली जायची. पडद्यावर दिसलं ते खरं, हे आपल्या मनात तेव्हापासून पक्कं बसलंय. त्यात वावगं काही नव्हतं. तो पडदा फक्त सांगायचा, आपल्याकडे कधी काही मागायचा नाही.

फोनचा पडदा मागतो. कधी आकडा मागतो, कधी पैसे मागतो. फरक आहे तो इथेच.

मी इंटरनेटवरच्या बातम्यांचं काम करते. फसवणुकीच्या बातम्या सारख्या हाताखालून जातात. गाव बदलतं, रक्कम बदलते, पण तऱ्हा बहुतेक वेळा तीच. आधी साधा फोन येतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत', किंवा 'तुमच्या आधारकार्डावर कुणीतरी खातं उघडून काळा पैसा फिरवलाय'. मग तो फोन म्हणे 'साहेबांकडे' दिला जातो. साहेब व्हिडिओवर येतात. अंगात गणवेश, समोर टेबल, मागे सरकारी चिन्ह. व्हॉट्सअॅपवर शिक्क्याचं पत्रही येतं. 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कुणाला सांगायचं नाही. पैसे तपासणीसाठी या खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.' बोलण्याची ढब इतकी रुबाबदार, की भल्याभल्यांना घाम फुटतो. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापकसुद्धा यात सापडले आहेत. तेव्हा 'मी अडाणी म्हणून फसले' असं कुणी मनाला लावून घेऊ नये.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात ठेवा. डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट सांगितलं होतं. खरी अटक झाली, तर ती घरच्यांना किंवा जवळच्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक असतं. बाईमाणसाला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी एरवी अटक करता येत नाही. अगदी अपवादाची वेळ आली, तरी महिला अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. मग पाहा हं, जो म्हणतो 'कुणाला सांगू नका', तो पोलीस असेल कसा? पोलिसांना कळवावंच लागतं. लपवायचं असतं ते चोराला.

सगळी मेख त्या 'सांगू नका'मध्ये आहे. चाळीतल्या टीव्हीसमोर दहा माणसं असायची. कुणी शंका काढायचं, कुणी हसायचं, कुणी 'काहीतरीच काय!' म्हणायचं. आज पडदा प्रत्येकाच्या हातात आहे, पण समोर बसलेलं माणूस एकटं आहे. चोराला तेच हवं असतं. शेजारच्या वहिनी नुसत्या येऊन 'काय झालं हो?' म्हणाल्या, तरी त्याचा अर्धा डाव मोडतो.

म्हणून या चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली गोष्ट, फोन बंद करा. समोरचा कितीही मोठा साहेब असो, बोलणं अर्ध्यावर तोडणं हा उद्धटपणा नव्हे. मग लगेच कुणाला तरी हाक मारा. यजमान, लेक, जाऊबाई, शेजारीण, जे हाताशी असेल त्याला.

दुसरी, यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हटलं की समजा, खिसा आपलाच रिकामा होणार. आणि ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. बँकेचा माणूस ती फोनवर मागत नाही.

तिसरी, कुणाच्या सांगण्यावरून फोनमध्ये नवं ॲप घालू नका. 'आज रात्री वीज तोडली जाईल, हे ॲप घ्या' अशा निरोपांनी पुष्कळांना गंडवलंय. काही ॲपमुळे आपला पडदा समोरच्याला जसाच्या तसा दिसतो. अलीकडे लग्नपत्रिका म्हणूनही अशी फाईल येते. ओळखीचं घर असेल, तर आधी फोन करून विचारा, मग उघडा.

चौथी, पैसे गेलेच तर रडत बसू नका, १९३० हा क्रमांक ताबडतोब लावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक आहे. तक्रार तत्काळ गेली, तर पैसे वाटेतल्या खात्यातच अडवता येण्याची आशा असते. उशीर झाला की ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चौथ्यात जातात. सोबत आपल्या बँकेलाही कळवा.

आणि एक विनंती घरातल्या मंडळींना. हे पान त्यांच्याही हाती द्या. 'तुला काही कळतच नाही', 'कुणी सांगितलं होतं फोन उचलायला?' असली बोलणी ज्या घरात ऐकावी लागतात, त्या घरातली बाई फसल्यावर सांगायला कचरते. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं करता करता मोलाचे तास निघून जातात. चोर तर भीती घालतोच, त्यात आपल्या माणसांच्या धाकाची भर नको. सासूबाईंना, मामंजींनाही हे आजच समजावून सांगा, आणि सांगताना आवाज चढवू नका.

या आठवड्यात एवढंच करा. गॅस एजन्सीचा आणि डॉक्टरांचा नंबर जिथे लिहून ठेवलाय, त्या कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत १९३० लिहा. भिशीला जमाल तेव्हा एकमेकींना तो तोंडपाठ म्हणायला लावा. आणि शेजारणीला सांगून ठेवा, 'दुपारी मी घाबऱ्या आवाजात हाक मारली, तर हातातली पोळी तव्यावर सोडून ये. गॅस मात्र बंद करून ये हं!'