भेटीच्या रोपाचे हार्डनिंग कोणी करायचे?

सत्काराला हारतुऱ्यांऐवजी रोप देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आणि त्यात आपल्या रोपवाटिकांचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आता या भेटींमध्ये उतीसंवर्धनाची रोपेही दिसू लागली आहेत. कधी ती बोटभर कुंडीत असतात, कधी थेट काचेच्या बाटलीत, वर समारंभाची चिठ्ठी चिकटवलेली. दिसायला देखणी, शंभर मागितली तरी एकसारखी. अडचण त्यानंतर सुरू होते. अकोल्याच्या जुन्या शहरातला एखादा गृहस्थ ते कोमेजलेले रोप घेऊन आपल्या दारात उभा राहतो : "भाऊ, पानी तं रोज टाकतो, तरी हे सुकून राह्यलं." आपण सांगतो, "पाणी जास्त झालं असेल." हे उत्तर निम्मे खरे आणि निम्मे अंग झटकणारे आहे.

बाटलीतले रोप कसे वाढलेले असते ते आठवा. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली मांडलेले माध्यम आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जाते. त्यात लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे रोपाला जेवण आयते. बाटलीतली आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळपास, उजेड मंद. त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत आणि मुळांना केशमुळे जवळजवळ नसतात. असे रोप बाहेर काढून टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात पानाच्या कडा आत वळू लागतात. मुळाशी पाणी असते, पण ते वर ओढायची ताकद नसते आणि पानातले पाणी धरून ठेवायची सोयही नसते. अशा वेळी घरचा माणूस आणखी पाणी ओततो आणि मुळे कुजतात. त्याचा दोष किती, हे आता तुम्हीच ठरवा.

त्यात हे अकोला. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि फेब्रुवारीपासूनच हवा कोरडी पडते. पुण्याच्या वा कोकणाच्या हवेत जेवढ्या हार्डनिंगवर, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावण्यावर, रोप तगते, तेवढ्यावर ते वऱ्हाडात तगत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. बोअरचे असे खारे पाणी कोवळ्या मुळांना सोसत नाही, ऑर्किडला तर मुळीच नाही. त्याहून वाईट म्हणजे घरच्या आरओ फिल्टरच्या नळीतून वाया जाणारे पाणी. ते फेकायचे कशाला म्हणून काटकसरी माणूस कुंडीत ओततो, आणि नेमके त्यातच क्षार सर्वांत जास्त असतात. हे आपण गिऱ्हाइकाला सांगतो का?

अकोट-तेल्हाऱ्याकडचा केळीवाला बाटलीतले रोप कधी शेतात लावत नाही. तो हरितगृहातून शेडनेटखाली आलेले, पिशवीत रुजलेले, पाच-सहा पानांचे रोप मोजून घेतो आणि नांग्या पडल्या तर जाब विचारतो. सत्कारमूर्ती जाब विचारायला येत नाही. म्हणून त्याला कच्चे रोप खपवायचे, हा दुजाभाव आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून उतीसंवर्धित रोपांसाठी प्रमाणन पद्धत आणली. तिचा भर विषाणुमुक्तता आणि वाणाची शुद्धता यांवर आहे. दिवाणखान्यात रोप जगेल की नाही, हे पाहण्याचे काम आपलेच उरते.

आजारी रोप दारात आलेच तर आधी ते कुंडीतून काढून बुंधा पाहा. बाटलीतली जेली चिकटलेली असेल तर कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा. त्या साखरेवर बुरशी पोसते. काळी माती भरलेली असेल तर ती काढून ओलसर कोकोपीट आणि परलाईट घाला. कुजलेली मुळे कापा. मग कुंडीवर पारदर्शक पिशवी चढवून ती उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. चार-पाच दिवसांनी पिशवीला एक छिद्र पाडा, मग दुसरे. दोन-तीन आठवड्यांत ती उतरली पाहिजे. पाणी पावसाचे किंवा फिल्टरचे शुद्ध. खत नाही. कूलरच्या खोलीतली ओल चालेल, पण त्याचा झोत पानावर नको. बाटलीतली जुनी पाने गळतील, ती गळू द्या. बाहेरच्या हवेत फुटलेले पहिले पान ताठ राहिले, की रोप वाचले असे समजावे. बुंधाच मऊ पडला असेल तर खोटी आशा न लावता तसे सांगून टाकावे.

सिंगापूर-थायलंडच्या सहलीहून ऑर्किडची बाटली आणणारेही आता भेटतात. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून लागवडीचे रोप आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, एवढे त्यांना जाण्याआधीच सांगून ठेवा.

बाटलीतले रोप बक्षीस म्हणून विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेडनेटखाली निदान दीड महिना राहिलेले आणि बाहेरची दोन पाने फुटलेले रोपच भेटीसाठी द्यावे. शक्य असेल तिथे गिऱ्हाइकाला श्रावणातली तारीख सुचवावी. कावडयात्रेच्या त्या दिवसांत आपली हवा रोपाला सर्वांत कमी छळते. एवढे दिवस सांभाळल्याने रोपाची किंमत वाढेल. ती वाढवा, आणि प्रत्येक कुंडीसोबत पाण्याबद्दल चार ओळींची मराठी चिठ्ठी द्या.