मोजणीबाहेरचा मराठी प्रेक्षक

मालिकांविषयी बोलणे हा आपल्याकडे फावल्या वेळचा विषय समजला जातो. नाटकाचे परीक्षण छापले जाते, चित्रपटाला तारे दिले जातात, पुस्तकावर परिसंवाद होतो. वर्षानुवर्षे रोज अर्धा तास घरात येणाऱ्या मालिकेविषयी मात्र प्रेक्षकाचे जे मत बनते, ते स्वयंपाकघरात आणि जिन्यावर बोलले जाते व तिथेच विरते. हे मत किती जाणते असू शकते आणि तरीही ते किती निरुपयोगी ठरवले जाते, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्र आणि गोव्याबाहेरच्या एका मराठी शहराकडे वळावे लागेल. ते शहर म्हणजे बडोदे.

गायकवाडांच्या राजवटीत रुजलेली बडोद्याची मराठी वस्ती आज अनेक पिढ्यांची झाली आहे. १९०९ साली या शहरात मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वे अखिल भारतीय संमेलनही येथेच झाले. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी पाट्या आणि मराठी आडनावे अजून ठळक आहेत. मात्र शाळा, कचेरी, बाजार आणि शेजार यांची भाषा मुख्यतः गुजराती आहे. अशा घरातल्या मुलांना आईवडील व आजीआजोबांखेरीज रोज मराठी बोलणारे जे कोणी भेटते, ते बहुतेक वेळा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच भेटते. त्यामुळे इथे मालिका ही करमणुकीइतकीच भाषेची शिकवणीही ठरते.

या प्रेक्षकाला गेल्या काही वर्षांत तुलनेची एक दुर्मीळ संधी मिळाली. २०१९ मध्ये स्टार जलसा या बंगाली वाहिनीवर 'श्रीमोयी' ही मालिका सुरू झाली. घरासाठी झिजलेली, पण घरानेच गृहीत धरलेली स्त्री हा तिचा विषय. त्याच वर्षी डिसेंबरात स्टार प्रवाहवर तिचा मराठी अवतार 'आई कुठे काय करते' या नावाने आला आणि जुलै २०२० मध्ये स्टार प्लसवर हिंदी अवतार 'अनुपमा' आला. मराठीतली अरुंधती देशमुखांच्या घरातली. हिंदीतली अनुपमा अहमदाबादच्या शहा कुटुंबातली. म्हणजे एकाच कथेची मराठी आणि गुजराती कुटुंबांतली दोन रूपे, आणि बडोद्याचा मराठी माणूस या दोन्ही कुटुंबांना आतून ओळखणारा. एक त्याचे स्वतःचे घर, दुसरे त्याच्या शेजाऱ्याचे.

अशा प्रेक्षकाचे मत नुसते 'आवडली' किंवा 'नावडली' असे राहत नाही. अनिरुद्धचा अहंकार आणि वनराजचा अहंकार यांत फरक काय, एका घरात सासू ज्या गोष्टीवर गप्प बसते त्याच गोष्टीवर दुसऱ्या घरात ती का बोलते, अरुंधतीचे आशुतोषशी आणि अनुपमाचे अनुजशी झालेले दुसरे लग्न कोणत्या घराने किती खऱ्या रीतीने स्वीकारले, हे प्रश्न तो स्वाभाविकपणे विचारू शकतो. पडद्यावरचे गुजराती घर म्हणजे फक्त फाफडा, गरबा आणि वाक्याच्या शेवटी एखादा गुजराती शब्द नव्हे, हे त्याला सांगावे लागत नाही. तसेच मराठी घर म्हणजे फक्त पैठणी आणि पुरणपोळी नव्हे, हेही तो जाणतो. तौलनिक समीक्षेसाठी विद्यापीठात जी तयारी लागते, ती येथे जगण्यातून झालेली असते.

भाषेच्या बाबतीत तर त्याची तक्रार अधिक गंभीरपणे ऐकायला हवी. 'म्हणाला'च्या जागी सर्रास 'बोलला', 'मिळाले'च्या जागी 'भेटले', 'मी करीन'च्या जागी 'मी करेल' ही मालिकांतली मराठी पुण्यामुंबईत कानाआड करता येते, कारण तिथे दुरुस्त करणारे शंभर कान आसपास असतात. परमुलखात वाढणाऱ्या मुलाला तो आधार नसतो. त्याच्या मराठीत आधीच गुजरातीची सावली असते. प्रमाण मराठी कुठे ऐकायची म्हणून त्याने पडद्याकडे पाहावे आणि पडद्याने त्याला हिंदीची सावली द्यावी, अशी ही गत आहे.

एवढ्या जाणत्या प्रेक्षकाचे मत वाहिनीपर्यंत पोहोचते कसे? येथे व्यवस्थेची रचना समजून घ्यावी लागते. भारतात २०१५ पासून 'बार्क' ही संस्था प्रेक्षकसंख्या मोजते. देशभरातल्या हजारो निवडक घरांत यंत्रे बसवलेली असतात. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते यंत्र ओळखते आणि घरातले कोण पाहत आहे याची नोंद बटण दाबून होते. त्यावरून दर आठवड्याची क्रमवारी ठरते. मराठी कार्यक्रमांची जी क्रमवारी जाहीर होते, ती 'महाराष्ट्र/गोवा' या बाजारपेठेची असते. बडोदे गुजरातच्या बाजारपेठेत मोडते. म्हणजे त्या शहरात मराठी मालिका कितीही घरांत लागली, तरी जिच्यावर मराठी मालिकेचे भवितव्य ठरते त्या यादीत तिची नोंद नाही.

यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या दररचनेनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर झाली आणि ग्राहकाने निवडून पैसे भरावेत असे ठरले. परप्रांतातल्या मराठी ग्राहकाला मराठी वाहिन्या बहुधा आठवणीने मागून घ्याव्या लागतात. म्हणजे तो जाणीवपूर्वक पैसे मोजतो, पण स्वतः मोजला जात नाही.

वाहिन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मालिकेचा खर्च मुख्यतः जाहिरातीतून निघतो आणि मराठीतून माल विकू पाहणाऱ्या जाहिरातदाराला महाराष्ट्रातला ग्राहक हवा असतो. त्याच्या दृष्टीने ही विभागणी तर्कशुद्ध आहे. शिवाय आकड्यांपुढे घरचा प्रेक्षकही फारसा समर्थ नाही. 'आई कुठे काय करते' मार्च २०२४ मध्ये सायंकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलली गेली आणि नोव्हेंबरअखेर संपली. नोकरी करणाऱ्या बाईची कथा नोकरी करणाऱ्या बाईला पाहता येणार नाही अशा वेळी गेली, हे कोणाला खटकले असेल तर ते खटकणे नोंदवण्याची जागा त्या यंत्रात नव्हती. यंत्र 'पाहिले की नाही' एवढेच सांगते. 'का पाहिले' आणि 'पाहताना काय वाटले' हे त्याला कळत नाही.

या उणिवेची किंमत काय असते, याचे उदाहरण बडोद्याच्या जिव्हाळ्याचे आहे. सोनी मराठीवरील 'सावित्रीजोती' ही महात्मा फुले व सावित्रीबाईंवरील मालिका पुरेशा टीआरपीअभावी २०२० च्या अखेरीस बंद करण्यात आली. 'शेतकऱ्याचा असूड'चा मजकूर जोतीरावांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांना वाचून दाखवला होता, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्या इतिहासाशी थेट नाते सांगणाऱ्या या शहरातली एकही नजर त्या निर्णयाच्या तराजूत नव्हती. ती असती तर मालिका वाचली असती, असा दावा करता येणार नाही. पण ज्यांच्या वारशाची ही गोष्ट होती, त्यांना विचारलेच गेले नाही, एवढे निश्चित.

गोव्याच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. आपण त्या तिरक्या रेषेच्या अलीकडे आहोत, एवढेच. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात आणि गोव्याची साडेचौदा लाख. म्हणजे या जोडबाजारात आपले वजन शंभरात जेमतेम सव्वा. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले तेव्हा काही मालिका गोव्यात आल्या, काही सिल्वासा व गुजरातकडे गेल्या. मे महिन्यात गोव्याने परवानग्या रद्द केल्या. आपली भूमी पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडली. आपली माणसे कथेत फारशी आली नाहीत. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'तील कोकणच्या चित्रणावर शेजारच्या सिंधुदुर्गातून आक्षेप घेतले गेले, तरी त्या मालिकेची पुढे आणखी दोन पर्वे आली. आक्षेप योग्य होते की नाही, हा वेगळा प्रश्न. पण ज्यांचे चित्र काढले जाते त्यांचे मत आणि पाहणाऱ्यांची संख्या यांत कोण जिंकते, ते त्यातून दिसले.

मग उपाय काय? जून २०२१ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतील दुरुस्तीने प्रेक्षकाला वाहिनीकडे थेट तक्रारीचा अधिकार दिला असून वाहिनीने ती पंधरा दिवसांत निकाली काढायची आहे. पण ती वाट कार्यक्रमसंहितेच्या भंगासाठी आहे. ढिसाळ भाषेसाठी वा ताणलेल्या कथेसाठी नाही. त्यासाठी दोन गोष्टी करता येतील. वाहिन्यांनी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रेक्षकांचा आकडा, जाहिरातदाराला नको असला तरी, स्वतःसाठी काढावा आणि जाहीर करावा. आणि बडोदे, इंदूर, बेळगाव, पणजी येथल्या मराठी संस्थांनी मालिकेला नाटकाइतकेच चर्चेस पात्र मानावे: वर्षातून एकदा तरी प्रेक्षकांना बोलते करावे, त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे आणि छापावे. जिन्यावर बोललेले मत हवेत जाते. कागदावर आलेल्या मताला कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.