मामाची 'स्टॉर्म' आणि रुंद टायरचा हट्ट

जुलैतल्या एका संध्याकाळी होस्टेलच्या गेटवर एक लाल गाडी थांबली आणि मेसची लाइन मोडली! दोनच सीट, फायबरची बॉडी. आमच्या विंगमधल्या एकाच्या मामांची 'सॅन स्टॉर्म'. 1998 साली आलेली ही स्पोर्ट्स कार आपल्या शेजारच्या गोव्यात बनायची. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद जेमतेम 60 हॉर्सपॉवर. हसू नका, गाडी वजनाला हलकी आहे.

मामा गोव्याहून मुंबई-गोवा हायवेने आले. तो पनवेललाच सुरू होतो, त्यामुळे रस्ता चुकायचा प्रश्नच नव्हता, फक्त खड्डे चुकवायचे होते. टायर पार गोटा झालेले. रात्री रूमवर एकमताने ठरलं, "बदलायचेच आहेत तर रुंद टाकू. गाडी कशी भरलेली दिसेल!" एकमत म्हणजे मी सोडून.

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, हा पहिला गैरसमज. गाडीचं वजन तेच, हवेचं प्रेशर तेच, मग टेकणारं क्षेत्रफळही जवळपास तेच राहतं. बदलतो तो आकार. रुंदी वाढते, लांबी घटते. कोरड्या रस्त्यावर वळणाला याचा फायदा होतो, हे मान्य. पण पनवेलमध्ये जुलैत कोरडा रस्ता दाखवा, चहा माझ्याकडून! पावसात रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. नाही जमलं तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग नुसतं हातात उरतं. नासाने विमानांच्या टायरवरून काढलेला एक ठोकताळा आहे. पीएसआयमधल्या प्रेशरच्या वर्गमुळाची 9 पट केली की तरंगण्याचा वेग नॉट्समध्ये मिळतो. 32 पीएसआयला तो ताशी साधारण 94 किमी येतो, 22 ला फक्त 78. म्हणजे रुंदीच्या आधी हवा तपासा. (फुकट असते, म्हणून कोणी तपासत नाही.)

आता साइज. उदाहरणार्थ 175/65 आर 14 घ्या. व्यास 583 मिमी. त्याजागी 195/65 टाकला तर 609. साडेचार टक्के फरक! मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 च्या आसपास असेल, पिकअप मरेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासू शकतो. 185/60 घेतला तर फरक एक टक्क्याच्या आत. रिमला बसत असेल तर एवढी हौस माझ्याकडून मंजूर. व्यास जपायला कमी प्रोफाइलचं काही शोधाल, तर साइडवॉल बारीक होते. मग खड्ड्याचा दणका थेट रिमला.

पण खरं भांडण झालं टायरच्या दुकानात. "जवळजवळ नवे" रुंद टायर निम्म्या भावात, नक्षी झकास. मित्र पैसे काढतच होता. मी मोबाईलचा टॉर्च मारून साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचले. 2314. म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. आपण तेव्हा शाळेत होतो! रबर नखाने दाबून पाहिलं तर लाकूड. दुकानदार म्हणाला, "वापरलेलेच नाहीत साहेब." खरंही असेल, पण पडून राहिलेलं रबरसुद्धा कडक होतंच.

मामांनी मूळ साइजचे चार नवे टायर घेतले. मित्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मामा त्याला पेणपर्यंत फिरवून आणले, कर्नाळ्याला धो धो पाऊस होता. आल्यावर गडी म्हणाला, "दिसायला अजून बारीकच वाटतात यार."